जिथं फडकं फिरत नाही, तिथं बघा: पहिली जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी

मी ४१ वर्षं लातुरात गाड्यांची कामं केली, त्यातली २९ स्वतःच्या गॅरेजमध्ये. हेल्पर म्हणून लागलो तेव्हा अँबेसेडर, फियाट आणि महिंद्राची जीप एवढ्याच गाड्या कामाला यायच्या. गुडघे थकले तसा गाळा सोडला. पण गल्लीतली, नात्यातली पोरं अजून फोन करतात, “काका, गाडी घ्यायलोय, जरा बघायला येता का?” मी जातो.

जवळजवळ प्रत्येक वेळी एकच गोष्ट दिसते. पोरगं गाडीभोवती चक्कर मारतं, रंग बघतं, गाणी लावून बघतं, एसीसमोर हात धरतं आणि विसार द्यायला खिशात हात घालतं. म्हणजे विकणाऱ्यानं जिथं जिथं फडकं मारलंय, तेवढंच त्यानं बघितलेलं असतं. गाडीचा खरा हिशोब असतो तो फडकं न पोचणाऱ्या जागी: स्टेपनीच्या खड्ड्यात, सीटबेल्टच्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर, ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टवर. या जागा कोणत्या क्रमानं आणि कशा बघायच्या ते खाली लिहितोय. हे करायला मिस्त्री असायची गरज नाही. दीड-दोन तास आणि थोडा धीर लागतो.

१. आधी आपलं फिरणं मोजा

गाडी बघायला जायच्या आधी वहीत लिहा: रोज किती किलोमीटर, कुठल्या रस्त्यावर, किती माणसं. लातूर शहरात घर ते शाळा, शाळा ते बाजार असं रोजचं आठ-दहा किलोमीटर असेल तर डिझेलच्या मागे लागू नका. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती जाळी साफ व्हायला गाडी काही वेळ सलग, चांगल्या वेगानं पळावी लागते. गल्लीतल्या गल्लीत फिरणाऱ्या गाडीची जाळी भरते, दिवा लागतो आणि खर्च मोठा येतो. रोज लातूर ते अंबाजोगाई किंवा उदगीर जाणं-येणं असेल तर डिझेल शोभतं.

दुसरं, गाडीसाठी जेवढे पैसे बाजूला काढलेत त्यातले दहा-पंधरा टक्के गाडीत घालू नका. ते पहिल्या महिन्याच्या कामासाठी ठेवा. चार लाख असतील तर साडेतीन लाखांची गाडी शोधा.

२. सोबत काय न्यायचं

चांगला टॉर्च, कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक, छोटा आरसा, खाली झोपून बघायला पोतं किंवा जुनी चादर, पांढऱ्या कागदाचे दोन-तीन तुकडे, वही-पेन. फोनवर सरकारचं एमपरिवहन ॲप घालून ठेवा. ओळखीचा मिस्त्री असेल तर त्याची दिवसाची मजुरी देऊन न्या. फुकट आणलेल्या माणसाला घाईनं परत जायचं असतं.

जायचं ते दिवसाउजेडी. रात्री ट्यूबलाइटखाली सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात. नुकत्याच धुतलेल्या ओल्या गाडीवरही रंगातला फरक दिसत नाही, ती वाळेपर्यंत थांबा.

३. इंजिन थंड असताना पोचा

फोनवरच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बोनेटला हात लावा. गरम लागलं तर समजा की सकाळी ती अवघड चालू होत असेल आणि तुम्हाला ते दिसू द्यायचं नाही. चहा घ्या, तासभर थांबा किंवा दुसऱ्या दिवशी या.

थंड इंजिनवर आधी डिपस्टिक काढा, कागदावर टेकवा. डिझेलचं ऑइल काळं असणारच, त्याला घाबरू नका. वास जळका आहे का, बोटांत घेतल्यावर कचकच लागते का, पातळी खूप खाली आहे का ते बघा. मग ऑइल भरायचं झाकण उघडून त्याची आतली बाजू बघा. तिथं ताकावरच्या लोण्यासारखा पांढरट-पिवळट थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळण्याची शंका घ्यायची. थंडीत थोडं थोडं अंतर चाललेल्या गाडीच्या झाकणाला पातळ थर धरू शकतो, म्हणून डिपस्टिकवरही तेच दिसतंय का बघा. दोन्हीकडे दिसलं तर हेडगॅस्केट, म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेलंय असं समजून परत फिरा.

आता मागं उभं राहून दुसऱ्या कोणाला गाडी चालू करायला सांगा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. काळा धूर म्हणजे इंधन पूर्ण जळत नाही. फिल्टर तुंबलेला असेल, इंधन फवारणारे नोझल खराब असतील, तो खर्च आटोक्यातला असू शकतो. पांढरा धूर सकाळी मिनिटभर वाफेसारखा येऊन थांबला तर ठीक. पेट्रोल गाडीचा पांढरा धूर थांबतच नसेल आणि त्याला गोडसर वास असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी, आत जळतंय.

गाडी चालू असतानाच ऑइलचं झाकण सोडवून भोकावर उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर चालतं. टणाटण उडून बाजूला पडलं, खालून धूर ढकलला जाऊ लागला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात आणि हाफ इंजिनचं काम (इंजिन उघडून रिंगा-पिस्टन बदलणं) जवळ आलंय. जुन्या डिझेल गाडीत मी ही एक परीक्षा कधीच सोडत नाही.

किल्ली फिरवल्यावर, इंजिन चालू व्हायच्या आधी, मीटरमध्ये इंजिनचा आणि एअरबॅगचा दिवा लागलाच पाहिजे. मग एअरबॅगचा थोड्या वेळानं आणि इंजिनचा गाडी चालू झाल्यावर विझला पाहिजे. न विझणारा दिवा लोकांच्या लक्षात येतो. न लागणारा दिवा लक्षात येत नाही, आणि फसवणूक तिथंच होते. एअरबॅग एकदा फुटली की नवी बसवायला फार खर्च येतो, म्हणून काही जण दिव्याचंच कनेक्शन काढून टाकतात. असा दिवा लागत नसेल तर त्या गाडीच्या अपघाताबद्दल स्पष्ट विचारा.

४. रेडिएटर: आपल्याकडचा सगळ्यात मोठा घोटाळा

इथं जरा सविस्तर सांगतो, कारण मराठवाड्यात मी जेवढी इंजिनं उघडली त्यातली निम्मी तरी गरम होऊन गेलेली होती.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ च्या वर जातो, आणि पाणी म्हणजे बोअरचं. ७००-८०० फुटांवरून आलेलं जड पाणी. बादलीच्या कडेला, गीझरच्या कॉइलवर जो पांढरा खर बसतो तोच खर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. नळ्या आतून बारीक होतात, पाणी फिरत नाही, इंजिन तापतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात लोक रेडिएटरमध्ये टँकरचं, हातपंपाचं, मिळेल ते पाणी ओतायचे. पुढची दोन-तीन वर्षं मी त्याच गाड्यांची हेड उतरवत होतो.

म्हणून थंड गाडीचं रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडून बघा. गरम गाडीचं कधीच उघडू नका, दाबाखालचं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. आत हिरवं, गुलाबी किंवा निळं स्वच्छ कूलंट असेल तर मालक शहाणा. विटकरी, गंजाचं पाणी असेल तर त्यानं साधं पाणी घालून गाडी चालवलीय. वर तेलाचा तवंग दिसला तर व्यवहार तिथंच थांबवा.

मग थर्मोस्टॅट. आपण त्याला व्हॉल्व म्हणतो. इंजिनचं पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांवर गेलं की हा उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. गाडी गरम व्हायला लागली की आपल्याकडचे कित्येक मिस्त्री हा व्हॉल्वच काढून फेकतात. “आपल्या उन्हात याची काय गरज?” मलाही माझ्या उस्तादांनी हेच शिकवलं होतं आणि पहिली काही वर्षं मीही लोकांच्या गाड्यांतून व्हॉल्व काढले. नंतर तीच इंजिनं लवकर झिजून परत आली तेव्हा कळलं की आपण चूक करत होतो. व्हॉल्व नसला की इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ लागतो, तोवर पेट्रोल जास्त जळतं, ऑइल पातळ होत नाही, इंजिनचे सिलिंडर-पिस्टन झिजतात. आणि मूळ दुखणं, म्हणजे तुंबलेला रेडिएटर, तसंच राहतं. ज्यांच्या गाड्यांत मी हे केलं त्यांचं नुकसान झालं, याचं मला आजही वाईट वाटतं.

हे ओळखायची सोपी रीत: थंड इंजिन चालू करून वरच्या रेडिएटर पाइपला हात लावा, पंख्यापासून बोटं लांब ठेवून. व्हॉल्व असेल तर काही मिनिटं पाइप थंड राहतो आणि मग एकदम गरम होतो. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर आत व्हॉल्व नाही. नंतर एसी लावून गाडी वीस मिनिटं उभ्या जागी चालू ठेवा, शक्यतो दुपारच्या उन्हात. पंखा आपोआप लागून बंद होतो का, तापमानाचा काटा मधे स्थिर राहतो का ते बघा. काही मालक पंखा थेट बटणावर घेतात. असं बटण डॅशबोर्डखाली दिसलं तर ते कशासाठी बसवलं, हे विचारलंच पाहिजे.

५. पत्रा, सांधे आणि मजबुती

माझ्या पिढीतले लोक म्हणतात, जुन्या गाड्यांचा पत्रा जाड होता, आताच्या गाड्या पत्र्याचे डबे. पत्रा जाड होता हे खरं आहे, मी तो हातोडीनं ठोकलाय. पण जाड म्हणजे मजबूत, हे मी मान्य करत नाही. लातूरच्या माणसाला तरी हे समजावून सांगावं लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासच्या गावांत जी घरं कोसळली त्यांच्या भिंती हात-दोन हात जाड होत्या. पण त्यातले दगड मातीत नुसते रचलेले होते, एकमेकांत बांधलेले नव्हते. त्या आठवड्यात आम्ही गॅरेजवाले मदतीच्या जीप आणि टेम्पो रस्त्यावरच दुरुस्त करत होतो, तेव्हा त्या भिंती मी जवळून बघितल्या. जीव वाचवतो तो सांधा.

घर बांधताना आपण दुकानदाराला सळईचा ग्रेड विचारतो, फे ५०० की फे ५५०. सळईची जाडी तीच, ताकद वेगळी. गाडीच्या पोलादाचंही तसंच. आजच्या चांगल्या गाडीत दाराचा वरचा पत्रा पातळ असतो, पण खांबांत आणि दाराच्या आतल्या आडव्या दांड्यात जास्त ताकदीचं पोलाद असतं. पुढचा भाग मुद्दाम चेपेल असा केलेला असतो, म्हणजे धडकेचा जोर तो भाग खातो आणि माणसं बसतात तो पिंजरा शाबूत राहतो. अँबेसेडरचं नाक चेपत नव्हतं. तो सगळा जोर स्टिअरिंगच्या दांड्यातून माणसाच्या छातीवर यायचा.

सगळ्याच नव्या गाड्या चांगल्या असंही नाही. २०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरनं आदळून बघितल्या, तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. तुम्ही बघताय त्या मॉडेलचे तारे आधी शोधा, आणि ते त्याच सालच्या, त्याच रचनेच्या गाडीचे आहेत ना ते तपासा. दोन वेगवेगळ्या सालांतल्या एकाच नावाच्या गाड्यांत फार फरक असू शकतो. माझा स्वतःचा सल्ला: जमत असेल तर एप्रिल २०१९ नंतरची गाडी घ्या, तेव्हापासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय, सक्तीची झाली. त्याच वर्षी जुलैपासून ड्रायव्हरची आणि २०२२ पासून शेजारच्या सीटचीही एअरबॅग सक्तीची झाली.

आता प्रत्यक्ष तपासणी:

दार, बोनेट, डिक्की यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का बघा. चुंबक पत्र्यावर फिरवा. मध्येच ढिला पडला तर खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय. बंपर प्लास्टिकचा असतो, तिथं चिकटणार नाही. बोनेटच्या बिजागरीचे आणि मडगार्डचे बोल्ट बघा. कंपनीनं घट्ट केलेल्या बोल्टवर रंग अखंड असतो, पाना लागलेल्या बोल्टचे कोपरे खरचटलेले असतात. दाराचं रबर ओढून आतली कड बघा. कंपनीच्या स्पॉट वेल्डिंगचे गोल खळगे एका ओळीत, सारख्या अंतरावर असतात. ते गायब असतील, कड ग्राइंडरनं घासलेली असेल किंवा रबरावर रंगाचे शिंतोडे असतील, तर तो भाग कापून जोडलाय.

दार किंवा बंपर बदललेला असेल तर मी गाडी नाकारत नाही. मोटरसायकल घासून जाते, गुरं आडवी येतात, दहा वर्षांत एवढं होणारच. पण पुढच्या चेसिसचे दोन लांब दांडे, एप्रन (बोनेटखाली चाकांच्या वरचा आतला पत्रा) आणि दाराचे खांब यांत जोड दिसला तर गाडी कितीही स्वस्त असो, घेऊ नका. तो पिंजरा एकदा वाकला की पूर्वीची ताकद कोणताच डेंटर परत आणू शकत नाही.

शेवटी काचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक छाप असतो. सगळ्यांवर सारखा आणि एकाचवर वेगळा असेल तर ती काच का बदलली ते विचारा.

६. पाण्यात बुडालेली गाडी

पूर येऊन गेला की काही महिन्यांनी बुडालेल्या गाड्या बाजारात फिरायला लागतात, आणि त्या जिथं पूर आला तिथं सहसा विकल्या जात नाहीत. २००५ नंतर मुंबईच्या गाड्या, २०१९ आणि २०२१ नंतर सांगली-कोल्हापूरच्या. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच धाराशिव, बीड, लातूर, नांदेडात पाणी शिरलं, तेव्हा आता गाडी इथलीच आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका.

औशाच्या एका गुरुजींनी अशीच पांढरी शुभ्र गाडी घेतली होती. आतून नवी सीटकव्हर, नवा गालिचा, सुवास. महिन्याभरात काचा वर-खाली होईनात, मग दिवे आपोआप लागायला लागले. माझ्याकडे आणली तेव्हा मी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची सरळ रेघ होती. ती बघायला दोन सेकंद लागतात, आणि गुरुजींचे वर्षभर साठवलेले पैसे गेले होते.

तुम्हीही बेल्ट शेवटपर्यंत ओढा. सीटखालच्या सरक्यांचा गंज बघा, गालिचा उचलून खाली हात घाला, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का बघा, फ्यूज बॉक्सच्या पिना हिरव्या पडल्यात का बघा. जास्त सुवास असलेल्या गाडीत काचा लावून दहा मिनिटं बसा, खालचा कुबट वास वर येतो.

कोकणातून किंवा मुंबईतून आलेली गाडी असेल तर पोतं अंथरून खाली झोपाच. खाऱ्या हवेनं खालचा पत्रा खाल्लेला असतो. आपल्या कोरड्या हवेतली गाडी त्या बाबतीत बरी. मात्र शेतावर वापरलेल्या गाडीच्या चेसिसच्या पोकळ्यांत काळी माती बसून राहते आणि ओल धरून आतून गंज चढवते, तेवढं बघा.

७. चालवून बघा, गाणी बंद ठेवून

कमीत कमी पंधरा-वीस किलोमीटर. थोडा खराब रस्ता, थोडा मोकळा हायवे, आणि चढ. बीडकडे असाल तर मांजरसुंब्याचा घाट आहे, संभाजीनगरकडे असाल तर दौलताबादची चढण आहे.

तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये एकदम रेस द्या. इंजिनचा आवाज चढला आणि वेग तेवढा चढला नाही तर क्लच प्लेट संपलीय. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा. पुढच्या चाकांतून कट-कट आवाज आला तर ॲक्सलचा सांधा गेलाय. वेगाबरोबर वाढत जाणारी घूं-घूं म्हणजे चाकाचं बेअरिंग. सरळ, रिकाम्या रस्त्यावर ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढते का, स्टिअरिंग थरथरतं का. खड्ड्यातून खडखड आली तर बहुतेक वेळा सस्पेन्शनचा बुश किंवा लिंक रॉड निघतो, ते काम स्वस्तातलं आहे. त्यासाठी गाडी सोडू नका, भाव कमी करून घ्या.

टायरवर चार आकडे एका लंबगोलात असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायरवरची नक्षी कितीही चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर आपल्या उन्हानं कडक झालेला असतो. समृद्धी महामार्गावर जायचं असेल तर असे टायर चालवूच नका. टायर एका कडेनंच झिजला असेल तर अलाइनमेंट बिघडलंय किंवा चाक धरणारा खालचा आर्म वाकलाय.

८. किलोमीटरचा आकडा आणि मागचा मालक

मीटर मागं फिरवता येतं, झीज मागं फिरवता येत नाही. ४० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या क्लच पेडलचं रबर गुळगुळीत कसं? स्टिअरिंगची वरची कड चकाकतेय, ड्रायव्हर सीटची उजवी बाजू दबलीय, आणि मीटर म्हणतं ४० हजार, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. मालकाला सोबत घेऊन किंवा त्याच्या परवानगीनं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुन्या सर्व्हिसच्या नोंदी काढा.

रेणापूर रोडच्या एका नर्स ताईंची अकरा वर्षांची गाडी मी माझ्या भाच्याला घेऊन दिली. बाहेरून तिला चार-पाच ओरखडे होते. पण ताईंकडे शाळेची दोनशे पानी वही होती. प्रत्येक ऑइल बदल, प्रत्येक टायर, तारीख आणि किलोमीटरसकट लिहिलेला. शेजारच्या गल्लीत तिच्यापेक्षा चार वर्षं नवी, चकाचक गाडी त्याच भावात होती आणि तिच्या मालकाला शेवटचं ऑइल कधी बदललं ते आठवत नव्हतं. भाचा नाराज होता. आज पाच वर्षं झाली, ती गाडी तोच चालवतोय.

मालकाला एवढं विचारा: टायमिंग बेल्ट आहे की चेन, आणि बेल्ट असेल तर कधी बदलला? बऱ्याच इंजिनांत हा बेल्ट तुटला की पिस्टन हेडमधल्या व्हॉल्ववर (हे व्हॉल्व वेगळे, थर्मोस्टॅट नव्हे) आपटतो आणि हेडचं काम निघतं. पावती दाखवता आली नाही तर बदललेला नाही असंच धरा.

९. कागद

लागणारी कागदपत्रं:

- मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी
- फॉर्म २९ (दोन प्रती) आणि फॉर्म ३०, दोघांच्या सह्यांचे
- दोघांचे ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, पॅन, फोटो
- चेसिस नंबरचा पेन्सिलनं घेतलेला छाप
- गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५
- दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचा फॉर्म २८

चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो. तो आरसीवर बघून समाधान मानू नका, गाडीवर जाऊन एकेक अक्षर जुळवा. अक्षरांभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा असतील तर त्या गाडीपासून लांब राहा. एमपरिवहनवर नंबर टाकून विमा, कर्जाची नोंद बघा; थकलेली चलनं ऑनलाइन तपासा आणि विकणाऱ्याकडून आधी भरून घ्या. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलीय का तेही बघा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे “नावावर नंतर करू”. गाडी हातात आल्यापासून ३० दिवसांत नाव बदलण्याचा अर्ज तुमच्याकडून जायला हवा. विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं असतं. विमाही १४ दिवसांच्या आत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्यापाशीच राहतो, त्यामुळे हप्त्यातल्या फरकाची थोडी रक्कम भरावी लागेल. ती वाचवायला विमा जुन्या नावावर ठेवलेल्या माणसांचे दावे अडकलेले मी बघितलेत.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फिटनेस तपासून ५ वर्षांसाठी वाढते, त्याला शुल्क आणि पर्यावरण कर लागतो. १३-१४ वर्षांची गाडी स्वस्त वाटली तर हा खर्च भावात मोजा. आरसीवर गाडी आधी टॅक्सी परवान्यावर होती का तेही बघा. तशी गाडी वयापेक्षा खूप जास्त चाललेली असते.

विसार द्याल तो बँकेतून द्या आणि कागदावर लिहून घ्या की कर्ज, चलन किंवा अपघाताबद्दलची माहिती खोटी निघाली तर पैसे परत. गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोट दोघांनी सही करून ठेवा. सकाळी विकलेल्या गाडीचा दुपारी अपघात झाला तर तोच कागद दोघांनाही लागतो.

१०. पहिला महिना

बाजूला ठेवलेले पैसे आता काढा. मागच्या मालकानं काहीही सांगितलेलं असू दे, इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल असेल तर डिझेल फिल्टर, ब्रेक ऑइल आणि कूलंट नवं घाला. रेडिएटर आधी साफ करून घ्या, मग कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटरच मिसळा. बोअरचं, आरओचं नको. थर्मोस्टॅटचा व्हॉल्व नसेल तर बसवून घ्या. मिस्त्री “नको” म्हणाला तरी बसवून घ्या.

पेट्रोल गाडी २०२३ च्या आधीची असेल तर पेट्रोलचे रबरी पाइप दाबून बघा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. भेग दिसली किंवा बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर पाइप त्याच दिवशी बदला.

कोणताही पार्ट बदलला की जुना पार्ट परत मागा आणि नव्याचं खोकं बघा. हे मागणं म्हणजे मिस्त्रीवर अविश्वास दाखवणं नाही. मी स्वतः गिऱ्हाईकाच्या हातात जुना पार्ट देऊन काय झिजलंय ते दाखवायचो.

पंधरा दिवस रोज सकाळी गाडी काढल्यावर ती उभी होती त्या फरशीकडे एकदा बघा. काळपट-तपकिरी डाग ऑइलचा, हिरवा किंवा गुलाबी कूलंटचा, चाकाजवळचा पिवळसर बुळबुळीत डाग ब्रेक ऑइलचा. ब्रेक ऑइलचा डाग दिसला तर गाडी जागेवरून हलवू नका, मिस्त्रीलाच घरी बोलवा. डाव्या बाजूला स्वच्छ पाण्याचं थारोळं दिसलं तर बोट लावून वास घ्या. वास नसेल तर ते एसीचं पाणी आहे.